वहीची पंजाबी बाजू

युसूफ मास्तरांच्या कवितेला टाळ्या वाजवायची सोय नाही. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात त्यांनी एकदा कविता म्हटली आणि पहिल्या रांगेतल्या प्रमुख पाहुण्यांनी कर्तव्य म्हणून दणदणीत टाळ्या वाजवल्या. मास्तर माइकसमोरून हलले नाहीत. टाळ्या संपेपर्यंत थांबले आणि मग अदबीनं म्हणाले, "जनाब, ताली मच्छर के लिए रखिए. कुछ पूछना हो तो पूछिए." पाहुणे पुढारी होते. लोकांनी त्यांना विचारायचं याची त्यांना सवय होती, स्वतः विचारायची नव्हती. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि शेवटी विचारलं, "कार्यक्रम किती वाजेपर्यंत आहे?" मास्तर खाली उतरले, खिशातून एक बताशा काढला आणि पाहुण्यांच्या हातावर ठेवला. "सवाल तो सवाल है," म्हणाले आणि जागेवर जाऊन बसले.

तर असे हे युसूफ मास्तर. उर्दू शाळेतले निवृत्त शिक्षक, मुलांसाठी उर्दूत आणि पंजाबीत कविता लिहिणारे, टोपणनाव 'बताशा'. वय बहात्तर, उंची भरपूर, अंगावर सफारीचा शर्ट. त्याच्या उजव्या खिशात कागदात बांधलेले बताशे कायम असतात. खिशात बताशे म्हणून खिशात मुंग्या, आणि खिशात मुंग्या म्हणून कवितेत मुंग्या. त्यांच्या निम्म्या कवितांचा उगम मी त्या खिशात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला आहे.

बताशा मिळतो तो प्रश्नाला, उत्तराला नाही. "जवाब का इनाम सरकार देती है, सवाल का मैं देता हूँ," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. भिवंडीत नारपोलीच्या त्यांच्या गल्लीत पोरं त्यांना गाठून काहीच्या काही विचारतात. मास्तर प्रत्येक प्रश्न कापड तपासणाऱ्यासारखा उजेडात धरतात. "ये सवाल थोड़ा कच्चा है," असं म्हणून बताशा देतात. एकदा एका पोरीनं "चाचा, तुमचे बताशे संपले तर?" असं विचारलं. मास्तर म्हणाले, "ये सवाल नहीं है बेटी, ये भूख है," आणि तिला चार दिले.

माझी त्यांची ओळख भांडणातून झाली. एकाच इमारतीत सकाळी आमची मराठी शाळा भरायची आणि दुपारी त्यांची उर्दू. बाकं तीच, पंखे तेच, फळाही तोच. सकाळच्यांनी दुपारच्यांना आणि दुपारच्यांनी सकाळच्यांना शिव्या घालायच्या, अशी तिथली जुनी रीत होती. आमची हरवलेली डस्टरं त्यांनी नेलेली असत आणि त्यांचे खडू आम्ही. मी चौथीचा वर्गशिक्षक. रोज सकाळी वर्गात शिरलो की फळ्याच्या कोपऱ्यात उजवीकडून डावीकडे काहीतरी लिहिलेलं, आणि त्याभोवती चौकट. मी पहिल्याच दिवशी ते पुसून 'सुविचार' लिहिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, मी पुन्हा पुसलं. असं आठवडाभर चाललं. आठव्या दिवशी, पोरं बाकांवर बसून मी फळा पुसायच्या आधीच, एक उंच गृहस्थ माझ्या वर्गाच्या दारात उभे.

"म्हात्रे गुरुजी तुम्हीच का?" त्यांनी मराठीत विचारलं. "तुम्ही रोज माझी कविता मारता. मारा, पण आधी गुन्हा सांगा."

मी नियम सांगितला. फळा रिकामा ठेवून जायचा, असं सूचनावहीत लिहिलेलं आहे. मास्तरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बच्चा दोपहर को कविता सुनता है, रात को सोचता है, दूसरे दिन पूछता है. फळ्यावर नसली तर तो काय विचारणार? आणि त्यानं विचारलंच नाही, तर मला कसं कळणार की कविता पास झाली?"

मला काही कळलं नाही, पण चौथीच्या पोरांना मौज वाटली. मास्तर फळ्याकडे वळले आणि न पुसलेली कविता त्यांनी वाचून दाखवली.

चींटी बी ने छाता खोला,
बादल हँसकर ये बोला—
इतनी-सी तुम, इतना छाता!
चींटी बोली— तेरा क्या जाता!

पोरं खिदळली. मास्तरांनी हात वर केला आणि म्हणाले, "सवाल?" पोरं एकमेकांकडे बघू लागली. आमच्याकडे प्रश्न गुरुजी विचारतात, हे पोरांना पहिलीपासून पक्कं ठाऊक होतं. शेवटी मागच्या बाकावरची एक पोरगी उठली. मी तिला तिसरीपासून शिकवत होतो, पण तिचा आवाज तेव्हा पहिल्यांदा ऐकला. ती म्हणाली, "पण सर, मुंगीला सहा पाय आसतान. तिनं छत्री कंच्या पायात धरली?"

मास्तरांचा चेहरा मी आजही विसरलेलो नाही. पेपरात नंबर आल्यासारखा तो खुलला. त्यांनी पिशवीतून एक जाडजूड वही काढली, त्या कवितेखाली लाल पेनानं खूण केली आणि म्हणाले, "पास! गुरुजी, मान गए. मेरी क्लास ने आठ दिन में कुछ नहीं पूछा. तुमची क्लास आमच्यापेक्षा हुशार आहे." कोणी आपल्या वर्गाची स्तुती केली की शिक्षक कसा विरघळतो, हे शिक्षकालाच कळतं. त्या दिवसापासून मी फळ्याचा उजवा कोपरा त्यांना आंदण दिला आणि आम्ही दोघे निवृत्त होईपर्यंत तो त्यांचाच राहिला.

हीच त्यांची परीक्षा, आणि तिला अपवाद नाही. मुलांना कविता पाठ झाली तर मास्तरांना काही वाटत नाही. "पाठ तो मोबाईल नंबर भी होता है." मुलं हसली तरी विशेष नाही, हसायला मुलांना कारण लागत नाही. मुलानं कवितेत नसलेलं काही विचारलं, की कविता पास. तीन वेगवेगळ्या मुलांना ऐकवून एकानंही काही विचारलं नाही, तर ती नापास. नापास कवितेचं पान मास्तर स्वतःच्या हातानं फाडतात आणि चिंधीच्या गोणीत टाकतात. चिंधी म्हणजे लूमवरचा, म्हणजे यंत्रमागावरचा, तुटका धागा, कापडाच्या कडा, सगळा वाया गेलेला माल. मास्तर राहतात पहिल्या मजल्यावर, खाली लूमचा कारखाना, आणि दारातच चिंधीची गोणी. भिवंडीत सूत वाया जातं तशी माझी कविताही वाया जाते, त्यात लाजायचं काय, असं ते म्हणतात. मी एकदा गोणीतून एक पान उचललं होतं. मला ती कविता चांगली वाटली. मास्तरांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं. "आपको अच्छी लगी, क्योंकि आप साठ साल के हैं."

नवी कविता ते आधी लूमवर चढवतात, हा शब्दही त्यांचाच. खाली कारखान्याच्या दारात उभं राहायचं आणि लूमच्या खटक-खटक तालावर ती मोठ्यानं म्हणायची. कुठे ताल अडला की मास्तर तिथला शब्द बदलतात. "इथलं मूल झोपतं ते ह्या आवाजात, उठतं ते ह्या आवाजात. त्याची लोरी दुसऱ्या तालात कशी चालेल?" कामगार पहिल्यांदा हसायचे. आता ते स्वतःच सांगतात, "मास्टरजी, तीसरी लाइन में धागा टूटा." मास्तर मान डोलावतात आणि तिसरी ओळ दुरुस्त करतात. मी मराठीचा शिक्षक, मात्रा बोटांवर मोजणारा. एकदा त्यांची चूक काढायला म्हणून मात्रा मोजल्या, तर सगळ्या बरोबर निघाल्या. ते मी त्यांना सांगितलं नाही.

आता त्या वहीबद्दल. मास्तर मूळचे पंजाबातल्या मालेरकोटल्याचे. तिथल्या मुसलमान मुलांना घरात पंजाबी, मदरशात उर्दू आणि शाळेत पंजाबीची गुरुमुखी लिपी. विशीत असताना काकांच्या लूमच्या सुट्या भागांच्या दुकानात हातभार लावायला म्हणून भिवंडीला आले, ते इथलेच झाले. दुकान काही जमलं नाही, डी.एड. केलं, उर्दू शाळेत लागले, इथलीच मुलगी केली. वही मात्र एकच ठेवली. उर्दू कविता वहीच्या उजवीकडून लिहितात, कारण उर्दू उजवीकडून सुरू होते. पंजाबी कविता त्याच वहीत डावीकडून लिहितात, गुरुमुखीत. दोन भाषा दोन टोकांनी निघून मधल्या कोऱ्या पानांकडे सरकत असतात. पहिल्यांदा ती वही पाहिली तेव्हा मला हसू आलं होतं, की दोघी एकमेकींना भेटल्या तर बोलतील तरी का.

वहीच्या उर्दू बाजूवर तेलाचे डाग, खडूची बोटं, बताशाचा चिकटपणा आणि जिथे तिथे लाल खुणा. पंजाबी बाजू मात्र दुकानातून आणल्यासारखी कोरीकरकरीत. कविता होत्या, चांगल्या चाळीसेक. लाल खूण एकीवरही नव्हती.

हे मला कळलं गेल्या दिवाळीनंतर. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी, जे आता स्वतः लूमचे मालक झालेत, मास्तरांचं पुस्तक छापायचं ठरवलं. सगळ्या कविता, दोन्ही भाषांतल्या. छापखान्याचा माणूस शनिवारी वही न्यायला येणार होता. मी अभिनंदन करायला गेलो तर मास्तर पट्टी आणि ब्लेड घेऊन बसलेले, आणि वही मधोमध उघडी.

"काय चाललंय?"

"ऑपरेशन. उर्दू जाईल पुस्तकात. पंजाबी गोणीत."

मी ओरडलोच. चाळीस कविता! मास्तर पट्टी लावत म्हणाले, "एकीचीही परीक्षा झालेली नाही, गुरुजी. कच्चा माल मी मुलांच्या ताटात वाढत नाही. उर्दूला एक नियम आणि पंजाबीला दुसरा, असं मी करणार नाही."

"मग परीक्षा घ्या ना!"

"कोणावर? भिवंडीत पंजाबी बोलणारं मूल दाखवा."

मी विचार करू लागलो आणि एकही मूल आठवेना. सरदारजी भिवंडीत पुष्कळ, पण ते ट्रक घेऊन येतात आणि जातात. त्यांची बायकापोरं गावाला. इथे स्थायिक झालेल्या एका पंजाबी ढाबेवाल्याच्या घरी मास्तर गेले होते. त्याची नातवंडं इंग्रजी शाळेत जात होती आणि आपसात हिंदीत भांडत होती. मास्तरांनी कविता म्हटल्यावर त्यातलं थोरलं म्हणालं, "दादाजी, ये साउथ का है क्या?" मास्तर तिथला चहा न पिता परत आले होते.

"शुक्रवारपर्यंत थांबा," मी म्हणालो. ब्लेड मी खिशात घालून आणलं.

आता मी जे केलं ते सांगायला मला लाज वाटते, पण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. माझी नात ओवी सात वर्षांची. भिवंडीलगतच्या टेमघरला आमच्याच घरी असते, मास्तरांनी तिला कधी पाहिलेलं नव्हतं. मी मास्तरांकडून एक पंजाबी कविता, अर्थ समजून घ्यायचाय असं सांगून, देवनागरीत उतरवून घेतली.

मज्झ ने पीता छप्पड़ सारा,
चन्न वी पी गई नाल।
बेबे, दुद्ध विच चानण आया,
भर लै कांसी थाल।

म्हणजे म्हैस अख्खं तळं प्यायली, त्याच्याबरोबर तळ्यातला चंद्रही पिऊन टाकला. आई, दुधात चांदणं उतरलंय, काशाचं ताट भरून घे. मी घरी जाताना रिक्षात ही कविता तीनदा वाचली आणि तिन्ही वेळा मला माझ्या आईचा गोठा आठवला. ती चिंधीच्या गोणीत जाणार, हे मला सहन होईना. दोन दिवस मी ओवीकडून ती घोटून घेतली, हातवाऱ्यांसकट. "आजोबा, मी कोण व्हायचं?" तिनं विचारलं. "तू पंजाबची मुलगी," मी म्हणालो. आमची ही स्वयंपाकघरातून ऐकत होती. म्हणाली, "म्हातारपनी पोरीला खोटं शिकिवताय, काय तं मास्तर म्हनं!" मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं.

गुरुवारी ओवीला परकर-पोलक्याऐवजी सलवार-कमीज घालून मी नारपोलीला नेलं. "हायवेवरच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याची मुलगी," मी ओळख करून दिली. ओवीनं नमस्कार केला आणि कविता सुरू केली. पोटावर हात म्हणजे म्हैस, आकाशात बोट म्हणजे चंद्र, तळहात पुढे म्हणजे ताट. सगळं बिनचूक. मास्तर डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, "सवाल?"

मी तिला तेवढंच शिकवायला विसरलो होतो.

ओवीनं थोडा विचार केला. मग स्पष्ट आवाजात म्हणाली, "आजोबा बोलले मी पंजाबची हाय. पण पंजाब आपल्या टेमघरपासून किती लांब हाय?"

मी खिडकीतून बाहेर पाहू लागलो. मास्तर इतके हसले की त्यांना खोकला लागला. त्यांनी ओवीला दोन बताशे दिले. "बेटा, सवाल बहुत अच्छा है. लेकिन ये मेरी कविता का नहीं, तुम्हारे दादा का है."

मी माफी मागितली. ओवी बताशे खात खालच्या लूमकडे पाहायला जिन्यात जाऊन बसली, आणि मग मास्तर जे बोलले ते त्यांनी मला पूर्वी कधी सांगितलं नव्हतं. माझी समजूत होती की त्यांना मूल मिळत नाही म्हणून परीक्षा होत नाही. तसं नव्हतं.

"मी फोन करू शकलो असतो," ते म्हणाले. "भाचा आहे मालेरकोटल्यात, त्याची पोरं आहेत. नाही केला. गुरुजी, मी पन्नास वर्षांपूर्वी निघालो. माझी पंजाबी त्या दिवशी जिथे थांबली तिथेच आहे. माझ्या बायकोला मी पंजाबीत बोललो की वाटायचं मी तिला शिव्या देतोय. मग घरात बंद केली. शाळेत उर्दू, बाजारात हिंदी, तुमच्याशी मराठी. तिकडे पोरं आता कोणते शब्द बोलतात, मला काय माहीत? समजा त्यांनी ऐकलं आणि काहीच नाही विचारलं. किंवा विचारलं, ये कौन सी ज़बान है?" ते थांबले. "ढाबेवाल्याच्या घरी विचारलंच होतं की."

पुढाऱ्याला टाळ्यांवरून झापणारा हा माणूस एका मुलाच्या गप्प बसण्याला घाबरत होता. मला त्यांची कीव आली नाही, त्यांची कोणी कीव केलेली त्यांना चालतही नाही.

शुक्रवारी सकाळी मी आमच्या शेतावर गेलो. शेत म्हणजे आता गोडाऊन. वडिलांच्या भाताच्या खाचरावर पत्र्याची शेड उभी आहे, पण सकाळी तिकडे चक्कर मारायची माझी सवय मोडलेली नाही. बाहेर ट्रकची रांग लागली होती. माल उतरवायला कधी दिवस, कधी दोन दिवस थांबावं लागतं. एका पंजाब पासिंगच्या ट्रकच्या सावलीत एक सरदारजी स्टोव्हवर चहा करत होता. मी त्याला विचारलं, "मुलं आहेत का?" त्यानं आधी संशयानं पाहिलं. मग मी सगळी हकिकत सांगितली. त्यानं चहा गाळून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "लै आओ बाऊजी नूं," म्हणजे घेऊन या त्यांना. त्याचं नाव बलकार सिंग, गाव मालेरकोटल्यापासून अर्ध्या तासावर.

मी रिक्षा करून नारपोलीला गेलो आणि मास्तरांना कुठे नेतोय हे न सांगता आणलं. सांगितलं असतं तर ते आले नसते. वही मात्र मी घ्यायला लावली.

बलकार सिंगला पाहिल्यावर मास्तर ताठ झाले. "आदाब," म्हणाले. "आपसे मिलकर ख़ुशी हुई." असली उर्दू मी त्यांच्या तोंडून फक्त शिक्षणाधिकाऱ्यांसमोर ऐकली होती. बलकार सिंगनं त्यांना रिकामं खोकं बसायला दिलं. "बाऊजी, पंजाबी च गल्ल करो, घर दे ओ." पंजाबीत बोला, घरचेच आहात, एवढं मलाही कळलं. मास्तरांनी घसा साफ केला. पंजाबी तोंडात येईना. मग त्यांनी वही डावीकडून उघडली आणि म्हैस-चंद्राची कविता वाचली. लूमशिवाय, तालाशिवाय, अगदी हळू.

बलकार सिंगनं टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यानं स्टोव्ह बंद केला, खिशातून फोन काढला आणि म्हणाला, "इक वारी फेर." मास्तरांनी पुन्हा वाचली. वाचून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की त्यानं ती रेकॉर्ड केली आणि मुलीला पाठवूनही दिली. मुलगी सीरत, सहा वर्षांची, शाळेत गेलेली. घरी आली की तिची आई ऐकवेल.

"कच्ची थी!" मास्तर उभे राहिले. "पूछे बिना भेज दी?"

"हुण तां गई, बाऊजी," बलकार सिंग म्हणाला, आता तर गेली.

शाळा सुटेपर्यंत दोन तास होते. मास्तर परत निघाले नाहीत. पण फोनकडे आपलं लक्ष नाही हे दाखवायला त्यांनी ट्रकला फेऱ्या घालायला सुरुवात केली. ट्रकच्या मागे लिहिलेल्या शेरात एक मात्रा कमी होती, ती त्यांनी बलकार सिंगला समजावून सांगितली. बलकार सिंग म्हणाला की पेंटरला जागा पुरली नाही. मग मास्तरांनी माझ्या वडिलांच्या शेतात कुठे काय पिकायचं याची चौकशी केली. मग वही मांडीवर घेऊन मधली कोरी पानं मोजली. मी त्यांना चहा दिला, तो त्यांनी हातात धरून ठेवला.

दीडच्या सुमाराला फोन वाजला. आधी आला तो नुसता हसण्याचा आवाज, एका लहान मुलीचा, दोन सेकंदांचा. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. हसायला मुलांना कारण लागत नाही, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. आम्ही थांबलो. मग दुसरा निरोप आला. बलकार सिंगनं आवाज मोठा केला.

"पापा, बाबे नूं पुच्छो, हुण मज्झ दा गोहा वी चमकदा ऐ?"

मला कळलं नाही. बलकार सिंग पोट धरून हसत होता. त्यानं मला सांगितलं, पोरगी म्हणतेय, बाबांना, म्हणजे आजोबांना, विचारा, म्हैस चंद्र प्यायली तर आता तिचं शेणही चमकतं का?

मास्तर हसले नाहीत. ते खोक्यावर बसले. त्यांनी लाल पेन काढलं, पण वही उघडायचं त्यांना सुचलं नाही. "बाबा म्हणाली," ते मला मराठीत म्हणाले. "ऐकलंत तुम्ही? मला बाबा म्हणाली." त्यांचे डोळे भरले होते आणि ते त्यांनी लपवले नाहीत. माझेही भरले होते.

तेवढ्यात गोडाऊनच्या फाटकातून बलकार सिंगच्या ट्रकचा नंबर पुकारला गेला. त्याला ट्रक आत घ्यायचा होता. त्यानं फोन माझ्या हातात दिला आणि सीरतला उत्तर द्यायला, मास्तर बोलतील तोवर दाबून धरायचं बटण दाखवलं. "एह दब्ब के रक्खो, जिन्ना चिर बाऊजी बोलण. छड्डणा नहीं." आणि तो केबिनमध्ये चढला.

मी बटण दाबून फोन मास्तरांच्या तोंडाजवळ धरला. पहिला शब्द अडखळत आला. दुसरा त्याच्या मागोमाग. आणि मग ते बोलतच सुटले. मी त्यांना तीस वर्षं ओळखतो. त्यांची उर्दू सावकाश, त्यांची मराठी जपून, त्यांची हिंदी बाजारापुरती. ह्या आवाजाचा माणूस मी कधी ऐकलाच नव्हता. तो मोठ्यानं बोलत होता, भराभर बोलत होता, हातवारे करत होता, मध्येच म्हशीसारखा हंबरला, मध्येच कुणाला तरी रागावला आणि स्वतःच खळखळून हसला. म्हैस कुठली, शेण कुणी पाहिलं, रात्री त्याच्या उजेडात कोण अभ्यासाला बसलं, असं काहीतरी असावं. शेजारचे ट्रकवाले खाली उतरून ऐकायला उभे राहिले.

मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. माझा अंगठा दुखायला लागला. मी बटण सोडलं नाही.